स्मारकशिला

मृत व्यक्तीची आठवण लोकांच्या नजरेसमोर राहावी, या हेतूने गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, नदीकाठी अथवा रणभूमीवर उभारलेला दगड, स्तंभ किंवा काष्ठफलक. थडग्याहून स्मारकशिलेचे स्वरूप भिन्न आहे. थडगे देहावशेषांवर बांधलेले असते. स्मारकशिलेखाली ते असतीलच असे नाही, बहुधा नसतातच. ज्या समाजांत दहनाची चाल रूढ आहे, तेथे मृताला भूमीवर स्थान उरत नाही. ते स्थान शिलेने दिले जाते. म्हणूनच ती स्मशानापेक्षा वस्तीजवळ, जाण्यायेण्याच्या वाटेवर आढळते. भारतात या प्रथेची प्रादेशिक रूपे अनेक असून त्यांना निरनिराळी नावे आहेत : तमिळमध्ये नडुकल (रोवलेला दगड), कन्नडमध्ये वीरगल्लु व मास्तिगल्लु, गुजरातमध्ये पाळिया व खांभी, राजस्थानात देवळी, महाराष्ट्रात वीरगळ व सतीशिला. मराठीतील ‘वीरगळ’ हा शब्द कन्नडमधील ‘वीर’ व ‘कल्लु’ (दगड) या दोन शब्दांपासून आलेला असून, ही प्रथा कोणत्या दिशेने महाराष्ट्रात दृढ झाली याचे सूचन त्यातून मिळते.

प्राचीन पुरावे : स्मारकशिला म्हणजे लढवय्याची शिला, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी काहींच्या बाबतीत टिकत नाही. कच्छमधील अंधौ येथे सापडलेल्या क्षत्रप चष्टन व रुद्रदामन यांच्या काळातील शिला शके ५२ मधील, म्हणजे इ. स. १३० च्या आहेत. ब्राह्मी लिपीतील व संस्कृतमिश्रित प्राकृतातील त्यांच्या लेखांत शिलेला ‘लष्टी’ (यष्टी) म्हटले आहे. सीहिलाचा पुत्र मदन याने एक शिला आपली बहीण ज्येष्ठवीरा हिच्यासाठी, दुसरी भाऊ ऋषभदेव याच्यासाठी व तिसरी पत्नी यशदत्ता हिच्यासाठी उभारली. चौथी शिला एका पित्याने आपल्या पुत्रासाठी उभारली. या लेखांत लढाईचा उल्लेख नाही, पराक्रमाचे वर्णन नाही, स्वर्गप्राप्तीचे आश्वासनही नाही. राजाचे नाव व तिथी, मृताचे नाव, त्याचा पिता व गोत्र, आणि शिला कोणी उभारली, एवढाच मजकूर आहे. एकाच माणसाने बहीण, भाऊ व पत्नी अशा तिघांच्या शिला एकाच तिथीला उभाराव्यात, यामागे कोणता प्रसंग असेल याविषयी लेख मौन पाळतो. स्त्रीचे नाव, तिचे माहेर व गोत्र यांसह दगडावर कोरले गेले आहे, ही गोष्ट पुढील काळाच्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. या शिला आता भूज येथील कच्छ संग्रहालयात आहेत.

आंध्रमधील नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकूंच्या काळात (इ. स. तिसरे-चौथे शतक) उभारलेले स्तंभ ‘छायाखंभ’ या नावाने ओळखले जात. छाया म्हणजे प्रतिमा. मृताची आकृती स्तंभावर कोरलेली असे. राजकुलातील व्यक्ती, सेनापती व सैनिक यांच्याबरोबरच एका कारागिराचाही छायाखंभ तेथे मिळाला आहे. नागार्जुनसागर धरणामुळे हे स्थळ पाण्याखाली गेले. तत्पूर्वी १९५४ ते १९६० या काळात झालेल्या उत्खननातील अवशेष जलाशयातील टेकडीवरच्या संग्रहालयात हलविण्यात आले.

तमिळ प्रदेशात ही प्रथा याहूनही जुनी आहे. तोल्काप्पियम् या व्याकरणग्रंथात नडुकल उभारण्याचे सहा टप्पे सांगितले आहेत : योग्य दगड शोधणे, त्याची निवड करणे, त्याला पाण्याने स्नान घालणे, तो रोवणे, नैवेद्यादी अर्पण करणे आणि शेवटी त्याची स्तुती करणे. दगड रोवल्याने काम संपत नसे. त्यानंतरचा विधी व स्तुती यांमुळेच तो दगड स्मारक होई, असे यावरून दिसते. तेनी जिल्ह्यातील पुलिमानकोंबै येथे २००६ मध्ये तमिळ-ब्राह्मी लिपीतील लेख असलेल्या शिला मिळाल्या. त्यांतील एक गुरे पळविण्याच्या लढ्यात मारल्या गेलेल्या माणसाची आहे. त्यांचा काळ इसवी सनापूर्वीचा मानण्यात येतो.

गुरांचे हरण व रक्षण हा विषय दक्षिणेतील स्मारकशिलांवर शतकानुशतके टिकून राहिला. पशुधन हीच मुख्य संपत्ती असलेल्या कोरडवाहू मुलखात गाईंसाठी झालेली झुंज ही राज्यासाठी झालेल्या लढाईइतकीच मोलाची होती. वाघाशी झुंजताना मेलेला, गावावर चालून आलेल्या लुटारूंना अडविताना पडलेला, स्त्रियांची विटंबना रोखताना कामी आलेला, असे अनेक प्रकारचे वीर कर्नाटकातील लेखांत भेटतात. त्यांत राजे थोडे आणि गावकरी पुष्कळ आहेत. बंगळूरजवळील बेगूर येथील नवव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराच्या लेखात ‘बेंगळूरु’ हे नाव आले आहे. आज अवाढव्य वाढलेल्या या शहराचा इतका जुना उल्लेख कोणत्याही राजप्रशस्तीत नव्हे, तर तेथील लढाईत मेलेल्या माणसाच्या शिलेवर मिळावा, हे या साधनांचे महत्त्व दाखविण्यास पुरेसे आहे.

मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील शिला तर एका कुत्र्याची आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने चोळांचा पराभव केला, त्या तक्कोलमच्या लढाईत गंग राजा दुसरा बूतुग याचा सेवक मणलेर याने पराक्रम गाजविला. बूतुगाने ‘हवे ते माग’ म्हटल्यावर त्याने काळी नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले. पुढे एका रानडुकराशी झुंजताना कुत्रे व डुक्कर दोघेही मेले. मणलेराने कुत्र्यासाठी आतकूर येथील देवळासमोर शिला उभारली व तिच्या पूजेसाठी जमीन दिली. दहाव्या शतकाच्या मध्यास कोरलेला हा लेख राष्ट्रकूट-चोळ संघर्षाच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन ठरला आहे. शिलेवर कुत्रा व डुक्कर यांची झुंज कोरलेली असून ती आता बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. महाराष्ट्रातही साताऱ्याजवळच्या संगम माहुली येथे छत्रपती शाहूंच्या समाधीच्या परिसरात त्यांच्या कुत्र्याचे स्मारक दाखविले जाते.

जैनांच्या निषिधी या प्रकाराचा येथे केवळ निर्देश पुरे. सल्लेखना व्रताने देह ठेवणाऱ्यांच्या या शिला श्रवणबेळगोळ येथे विपुल आहेत. राष्ट्रकूटांचा अखेरचा वंशज चौथा इंद्र याने इ. स. ९८२ मध्ये तेथेच याच व्रताने मरण स्वीकारले.

महाराष्ट्रातील वीरगळ : महाराष्ट्रात वीरगळ बहुतेक सर्व भागांत आढळतात. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या कर्नाटकालगतच्या पट्ट्यात त्यांची संख्या विशेष मोठी आहे. वाईजवळील किकली येथे भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात त्यांचा मोठा समूह आहे. बहुसंख्य वीरगळ शिलाहार व यादव यांच्या काळातील असून मराठा काळातही ते घडविले जात. मात्र उत्तरकालीन वीरगळांचे काम ओबडधोबड होत गेलेले दिसते.

वीरगळाची रचना ठरावीक असते व ती खालून वर वाचावयाची असते. आयताकृती शिलेवर तीन किंवा चार चौकटी कोरलेल्या असतात. सर्वांत खाली वीर पडलेला असतो. गुरांसाठी लढाई झाली असल्यास शेजारी गाई दाखवितात. त्यावरील चौकटीत लढाई, तिच्यावर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत असे दृश्य आणि त्याहीवर वीर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला. माथ्यावर कलश असून त्याच्या दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य असतात. ते आकाशात आहेत तोवर कीर्ती राहील, असा त्यांचा संकेत. अक्षरओळख नसलेल्यालाही हा दगड वाचता येई.

परंतु दगड वाचता आला, तरी माणूस ओळखता येत नाही. कर्नाटकातील वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो : राजा कोण, तिथी कोणती, वीर कोणाचा पुत्र, कोणत्या गावासाठी लढला, त्याच्या कुटुंबाला जमीन कोणी दिली. महाराष्ट्रातील वीरगळांवर अशी अक्षरे अपवादानेच सापडतात. त्यांना तत्कालीन गावकऱ्यांच्या दृष्टीने लेखाची गरज नसावी. दगड कोणाचा हे साऱ्या गावाला ठाऊकच होते. दोन-चार पिढ्यांनंतर ती ओळख पुसली गेली आणि शिल्लक राहिला तो केवळ ‘वीर’. स्मारकाचा मूळ हेतूच अशा रीतीने हुकला, असे म्हणता येईल. पण त्याची दुसरी बाजूही आहे. नाव हरपल्यावरच हा दगड एका कुटुंबाचा न राहता साऱ्या गावाचा झाला, त्याला शेंदूर लागला, तो म्हसोबा, वेताळ वा भैरव म्हणून पुजला जाऊ लागला आणि त्यामुळेच पुष्कळदा वाचला. ज्याला शेंदूर लागला नाही, तो धुण्याच्या दगडापासून गोठ्याच्या पायरीपर्यंत कोणत्याही कामी आला.

वीरपूजा व देवतापूजा यांमधील ही सरहद्द धूसर आहे. धनगर व गवळी समाजांतील दैवते आणि वीर यांच्या संबंधांचा सखोल अभ्यास जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर (१९३४–९२) यांनी केला. त्यांनी शे. शेट्टर यांच्यासमवेत संपादिलेला स्मारकशिलांवरील ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला व या विषयाच्या अभ्यासाला त्यामुळे भक्कम पाया मिळाला. घराघरांतील देव्हाऱ्यातही पूर्वजांचे चांदीचे टाक असतात. नासिक येथे धुलिवंदनाच्या दिवशी हे वीर मिरवत गोदावरीवर नेऊन त्यांना स्नान घालण्याची चाल आहे. एरव्ही घरात राहणारा मृत पूर्वज त्या दिवशी सर्वांसमक्ष रस्त्यावरून जातो.

मुंबईतील बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळ या साऱ्यांत निराळे आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांच्या रांगा व नाविक लढाई कोरलेली आहे. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात इ. स. १२६५ च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी त्यांचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. सोमेश्वराचा अंत समुद्रात झाला, असा निर्देश यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ग्रंथातील प्रशस्तीत आहे. शिलांवरील दृश्यांशी तो जुळतो हे खरे. तथापि लेखाच्या अभावी हे अनुमानच मानले पाहिजे. गोव्यातील कदंबांच्या काळातील वीरगळांवरही नौका आढळतात आणि त्यांतील काही जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहावयास मिळतात.

गधेगाळ हा वीरगळासारखाच दिसणारा परंतु वेगळा प्रकार होय. दानाचा भंग करणाऱ्यास शापवाणी सुनावण्यासाठी तो उभारीत. त्याला स्मारकशिलांमध्ये धरू नये.

सतीशिला : कोपरात वाकलेला व वर उचललेला स्त्रीचा हात, मनगटावर भरलेल्या बांगड्या, उघडा पंजा आणि वर चंद्र-सूर्य, हे सतीशिलेचे नेहमीचे रूप. बांगड्या तिचे अहेवपण दर्शवितात. काही शिलांवर खाली पतिपत्नी लिंगपूजा करताना दाखविलेले असतात, काहींवर एकाच पतीबरोबर गेलेल्या स्त्रियांचे एकाहून अधिक हात असतात. मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात एरण येथे असलेला गुप्त संवत् १९१ (इ. स. ५१०) मधील स्तंभलेख हा सतीचा अगदी आरंभीचा कोरीव पुरावा समजला जातो. भानुगुप्ताबरोबर लढाईस आलेला गोपराज तेथे पडला व त्याच्या पत्नीने अग्निप्रवेश केला, असे त्यात म्हटले आहे. गोपराजाचा पिता व मातामह यांची नावे लेखात आहेत. पत्नीसाठी प्रिय, अनुरक्त व सुंदर अशी विशेषणे आहेत, नाव मात्र नाही. अंधौच्या लेखाशी तुलना करता हा फरक नजरेत भरतो. तेथे ज्येष्ठवीरा व यशदत्ता यांचे स्मरण त्या कशा मेल्या यावर अवलंबून नव्हते. सतीशिलेत स्त्रीला स्मारक मिळाले ते तिच्या मरणाच्या प्रकाराबद्दल, आणि तिचा चेहरा व नाव यांच्या जागी केवळ एक हात उरला. वृद्धापकाळाने, रोगाने वा बाळंतपणात मेलेल्या असंख्य स्त्रियांसाठी मध्ययुगीन गावाने दगड उभारल्याचे क्वचितच दिसते.

ऐतिहासिक सतींपैकी थेऊर येथील रमाबाईंचे स्मारक महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. माधवराव पेशवे यांच्या निधनानंतर १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्या सती गेल्या. बंगाल इलाख्यात १८२९ मध्ये व मुंबई इलाख्यात त्यापाठोपाठ सतीची चाल बेकायदा ठरविण्यात आली. राजस्थानातील देवराळा येथे १९८७ मध्ये घडलेल्या घटनेनंतर त्याच वर्षी केंद्रीय कायदा होऊन सतीचे उदात्तीकरण, तिच्या नावाने मंदिर उभारणे वा उत्सव करणे हाही अपराध झाला. जुन्या सतीशिलांचे पुरावशेष म्हणून जतन करणे आणि त्यांची पूजा वाढविणे या दोन गोष्टींत भेद ठेवावा लागतो, आणि गावपातळीवर तो ठेवणे नेहमीच सोपे जात नाही.

आदिवासींमधील प्रथा : मेळघाटातील कोरकू लोक मृतासाठी ‘मुंडा’ नावाचा सागवानी फलक कोरून उभारतात. त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार इ. आकृती असतात. वीरगळाच्या माथ्यावरील चंद्र-सूर्य येथेही असावेत हे लक्षणीय आहे. मुंड्यासाठी पराक्रमाची अट नाही. बस्तरमधील माडिया गोंड ‘उरसकल’ हे उभे पाषाण रोवीत आणि गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड भागातही असे स्मृतिपाषाण आढळतात. पुरातत्त्वज्ञांना महापाषाणयुगीन अवशेषांचा अर्थ लावताना या जिवंत प्रथेची मोठी मदत झाली आहे.

समाधी व छत्री : मराठा काळात सरदार व राजकुले यांच्या बाबतीत शिलेची जागा समाधी व छत्री यांनी घेतली. शहाजीराजांची समाधी कर्नाटकात होदिगेरे येथे, मल्हारराव होळकरांची छत्री मध्य प्रदेशात आलमपूर येथे, महादजी शिंदे यांची पुण्यात वानवडी येथे आहे. मराठी सत्ता किती दूरवर पसरली होती, याचा आलेख केवळ या छत्र्यांच्या ठिकाणांवरूनही काढता येईल. सामान्य शिपायाला छत्री मिळाली नाही. त्याच्या मुलांना सरकारातून ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक मिळे. कर्नाटकातील लेखांमध्ये वीराच्या कुटुंबाला दिलेल्या जमिनीचा जो उल्लेख येतो, त्याच जातीची ही तरतूद होय.

नामावली व संख्या : सामान्य सैनिकाचे नाव दगडावर येण्याची चाल महाराष्ट्रात कंपनी सरकारच्या काळात सुरू झाली. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ हे त्याचे ठळक उदाहरण. त्यावर कोरलेल्या कंपनीच्या ४९ मृतांपैकी २२ जण नावाच्या अखेरच्या ‘नाक’ या प्रत्ययावरून महार असल्याचे कळते. स्तंभ कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला. परंतु १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे भेट दिल्यानंतर त्याचा अर्थ पालटला. ज्यांच्या पूर्वजांची नावे इतरत्र कोठेही कोरली गेली नव्हती, त्यांच्या दृष्टीने ही नामावलीच स्तंभाचा गाभा ठरली.

पहिल्या महायुद्धानंतर सातारा, रत्नागिरी इ. जिल्ह्यांतील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या. गावातून किती माणसे युद्धास गेली व त्यांपैकी किती मेली, एवढाच मजकूर त्यांवर असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. वीरगळावर चित्र होते, नाव नव्हते. या पाट्यांवर चित्र नाही आणि नावही नाही, केवळ संख्या आहे. हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर इराकमधील बसरा येथील स्मारकात घडला. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणींची फार हानी झाली. कूतच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरण्यात आली, तर हिंदी सैनिकांपैकी अधिकाऱ्यांची तेवढी नावे देऊन बाकीच्यांची पलटणवार संख्या देण्यात आली. ते स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या राजवटीत मूळ जागेवरून उचलून शहराबाहेर वाळवंटात नेण्यात आले. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मधील अहवालात हा भेदभाव मान्य केला व आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. फ्रान्समधील नव शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर मात्र सुमारे ४,७०० हिंदी मृतांची नावे आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर (१९३१) तेरा हजारांहून अधिक नावे आहेत आणि २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात स्वातंत्र्योत्तर काळातील पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरली आहेत.

नागरी जीवनात आप्तांचे स्मरण आता बहुधा उपयोगाच्या वस्तूंतून केले जाते : पाणपोई, घाटाची पायरी, शाळेची खोली, बागेतील बाक, बसथांबा. त्यांवरील ‘कै. … यांच्या स्मरणार्थ’ ही पाटी, देणाऱ्याचे नाव व मृताशी नाते सांगणारी, आपल्या मजकुरात अंधौच्या लष्टीच्या फार जवळची आहे.

जतन : प्राचीन स्मारके व पुरावशेष यांच्या संरक्षणासाठी १९५८ चा केंद्रीय व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे, तसेच पुरावस्तूंच्या नोंदणीसाठी व निर्यातबंदीसाठी १९७२ चा कायदा आहे. परंतु संरक्षित म्हणून घोषित झालेल्या वास्तूंच्या आवारातील शिलाच प्रत्यक्षात सुरक्षित राहतात. बाकीचे वीरगळ उघड्यावर आहेत. रस्ता रुंदीकरण, देवळांचा जीर्णोद्धार, तैलरंग व सिमेंट यांनी त्यांची जी हानी केली, ती ऊनपावसाने केली नव्हती. कर्नाटकात बी. एल. राइस यांनी १८८६ पासून एपिग्राफिया कर्नाटिका या मालेत गावोगावचे लेख तालुकावार छापले, त्यामुळे तेथे दगड नष्ट झाला तरी लेख उरतो. महाराष्ट्रातील शिला लेखविरहित असल्याने त्यांची माहिती मुख्यतः त्यांच्या जागेत असते : कोणत्या वेशीवर, कोणत्या देवळासमोर, कोणत्या दिशेला तोंड करून. जागेवरून हलविलेला वीरगळ संग्रहालयात शिल्प म्हणून राहतो. तो कोणत्या गावासाठी मेलेल्या माणसाचा होता हे मग सांगता येत नाही. अलीकडे काही गावांत तरुण मंडळांनी व स्थानिक अभ्यासकांनी शेतांतून व ओढ्यांतून असे दगड उचलून देवळाजवळ रांगेने उभे केले आहेत. उचलण्यापूर्वी मूळ जागेची नोंद व छायाचित्र त्यांनी ठेवले आहे की नाही, यावर त्या रांगेचे मोल ठरेल.